पहिल्या नाण्याची कथा : एक पाठचिकित्सा

जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या मनुष्यास नवखी मंडळी हटकून एक प्रश्न विचारतात : “आपलें पहिलें नाणें कोणतें ?” ह्या प्रश्नास मिळालेलीं उत्तरें आम्हीं आजवर पुष्कळ ऐकलीं आहेत, कांहीं छापलेलींही वाचलीं आहेत. त्या सर्वांचा सांचा बहुधा एकच असतो. आजीच्या फडताळांतील पितळी डबा, नांगराच्या फाळाला लागलेलें मडकें, पडक्या वाड्याचा पाया उकरणारा गवंडी, किंवा प्रवासांत भेटलेला एखादा बैरागी. कोणीतरी तें नाणें संग्राहकाच्या तळहातावर ठेवतो, पैसे घेण्याचें नाकारतो, आणि तेथून पुढें त्या संग्राहकाचें आयुष्य पालटतें. पहिलें नाणें कोणी विकत घेतलेलें नसतें. दुसऱ्यापासून पुढचीं नाणीं मात्र सर्वांनीं रोख पैसे मोजून घेतलेलीं असतात, हें त्यांच्याच वह्यांवरून दिसतें.

पोथ्यांच्या संग्राहकांनीं ह्यावर हंसूं नये. गंगेंत सोडावयास निघालेली पोथी, वाण्याच्या पुड्यांतून सोडविलेली बखर आणि बंबांत जाण्याच्या घटकाभर आधीं वांचविलेलें दप्तर ह्या तीन कथा त्यांच्याकडेही पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. अशा घटना घडतच नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. कित्येक खरोखर घडल्या आहेत. परंतु एकाच सांच्यांतून कथा वारंवार निघूं लागली म्हणजे संशोधकानें तिच्याकडे साक्षीदार म्हणून न पाहतां संहिता म्हणून पाहावें, असें आम्हांस वाटतें. संहिता म्हटली कीं तिचे पाठ आले, प्रक्षेप आले, लेखकप्रमादही आले. प्रस्तुत लेखांत अशा एका कथेची चिकित्सा करण्याचें योजिलें आहे. दुसऱ्याच्या कथेवर शस्त्र चालविणें सोपें असतें; म्हणून कथा आमचीच घेतली आहे. तसें करण्यास आणखीही एक कारण आहे. ही कथा छापली गेली आहे, आणि तिच्यांतील एका वाक्यानें निदान एका अभ्यासकाची दिशाभूल केली आहे.

प्रथम कथेचा प्रचलित पाठ देतों. त्यास ‘अ’ म्हणूं. आम्ही नगरास (२०२४ पासून ज्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें आहे त्या शहरीं) महाविद्यालयांत संस्कृत शिकत असतां एकदां नेवाशास गेलों. प्रवरेच्या कांठीं लाडमोड टेकडीच्या पायथ्याशीं एक वृद्ध शेतकरी औत सोडून बसला होता. त्याच्यापाशीं आम्हीं पाणी मागितलें. पाण्याबरोबर त्यानें कनवटीचें एक काळपट नाणें काढून आमच्या हातावर ठेविलें आणि म्हणाला, “घे बाबा, तुझ्यासारख्या शिकलेल्याच्या उपेगी पडंल.” आम्हीं पैसे देऊं केले, त्यानें घेतले नाहींत. नाण्यावर सोंड उंचावलेला हत्ती होता आणि कडेनें ब्राह्मी अक्षरें होतीं. तेंच आमचें पहिलें नाणें.

हा पाठ आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत, स्नेहसंमेलनांत आणि दोनदां व्याख्यानांत सांगितला. मुलें डोळे विस्फारून ऐकत. १९९४ सालीं एका शाळेच्या स्मरणिकेंत तो आमच्या नांवानें छापला गेला, आणि त्याच्या शेवटीं आम्हीं एक ओळ अशी जोडली कीं, हें नाणें ‘नेवासें येथें प्राप्त’ असून त्यावर ‘सिरि सादवाहन’ अशीं अक्षरें आहेत. ह्या ओळींत दोन विधानें आहेत, आणि दोन्हीं आम्ही आज मागें घेत आहों.

आतां दुसरा पाठ. त्यास ‘ब’ म्हणूं. गेल्या पावसाळ्यांत माळ्यावरील एका ट्रंकेंत पाणी शिरलें. भिजलेलीं पुस्तकें उन्हांत पसरीत असतां आमची महाविद्यालयीन काळची चाळीसपानी वही हातीं लागली. तिच्या नवव्या पानावर पुढील टिपण आहे : “ता. १४ नोव्हेंबर १९७७. माळीवाड्याजवळच्या मोडवाल्या मामांकडून तीन नाणीं. दोन तांब्याचीं. तोलून एक रुपया सांगितला, मग जुनीं आहेत म्हणाले, दीड घेतला. तिसरें हत्तीचें, तें तांबें नव्हे म्हणून वर फुकट टाकलें. घरीं चिंच आणि विटकरीची पूड लावून घासलीं. छान उजळलीं. एक शिवाजी महाराजांचें आहे !!” दोन उद्गारचिन्हें मुळांतलींच.

ज्यांनीं तें दुकान किंवा तसलीं दुकानें पाहिलीं नाहींत त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. दिवाळीच्या आगेंमागें घरोघरच्या फुटक्या घागरी, चेपलेले तांबे आणि तळ गेलेलीं पातेलीं मोडींत निघतात. मोडवाला तीं तोलून घेतो आणि भट्टीकडे पाठवितो. (पोथ्यांचे संग्राहक ‘मोडी’ म्हणतात ती लिपि वेगळी व ही मोड वेगळी, परंतु दोहोंचाही शेवट रद्दीच्या तागडींत झालेला आम्हीं पाहिला आहे.) ह्या भांड्यांबरोबर देव्हाऱ्यांतले, करगोट्यांतले, बाळाच्या वाळ्यांतले जुने पैसेही येत. मामांच्या दुकानीं ते एका फुटक्या गडव्यांत टाकलेले असत. दिवाळीच्या पैशांतले थोडे खिशांत होते म्हणून आम्ही तेथें उभे राहिलों. मामांनीं हत्तीचें नाणें दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकला, तोंड वांकडें केलें आणि म्हटलें, “ह्यात कथलाची भेळ आहे रे पोरा. हे तोलात धरत नाही. घे, वर घे.” हें वाक्य वहींत नाहीं, परंतु वही वाचतांक्षणीं तें कानांत वाजलें. त्यामुळें त्याचें प्रामाण्य वहीइतकें धरूं नये, एवढें सांगून ठेवतों.

आतां पाठनिर्णय. ‘ब’ हा समकालीन आहे. ‘अ’ हा निदान दहा वर्षांनंतर स्थिर झालेला आहे. एवढ्यानेंच निर्णय होण्यासारखा आहे. परंतु संहिताशास्त्राचा दुसरा नियमही ‘ब’च्याच बाजूनें पडतो. सुगम पाठापेक्षां दुर्गम पाठ ग्राह्य, कारण लेखणी कठिणाकडून सोप्याकडे घसरते, उलट जात नाहीं. चिंच आणि विटकर लावून दोन हजार वर्षांचें नाणें घासणारा मुलगा कोणीही आपल्या चरित्रांत मुद्दाम घुसडणार नाहीं. तो पाण्यासाठीं थांबलेला विद्यार्थी कोणीही घुसडील. ‘ब’मध्यें आमची शोभा कोठेंच नाहीं. तोच मूळ.

परंतु प्रक्षेपालाही मूळ असतें, आणि तें शोधिल्यावांचून चिकित्सा पुरी होत नाहीं. त्याच वहीच्या पुढच्या भागांत, फेब्रुवारी १९७९ खालीं, नेवाशाच्या सहलीचें अर्धें पान आहे. टेकडी आहे, प्रवरा आहे, एका शेतकऱ्यानें पाणी दिलें हेंही आहे. नाणें नाहीं. म्हणजे ‘अ’मधील शेतकरी खरा, पाणी खरें, फुकट मिळालेलें नाणेंही खरें, फक्त देणारा हात बदलला. मामांचा हात तागडी धरणारा होता, तो कथेंत शोभेना; म्हणून स्मृतीनें तेथें औताचा हात आणून बसविला. दोन ग्रंथांतील दोन श्लोक एकाच वृत्तांत असल्यामुळें पाठकाच्या जिभेवर एक होऊन जावेत, तसा हा प्रकार झाला. खोटें सांगण्याचा हेतु आम्हांस कधींच नव्हता, असें आम्ही शपथेवर सांगूं. आणि नेमकें तेंच ह्या प्रकरणांत धोक्याचें आहे. खोटें बोलणारा साक्षीदार उलटतपासणींत सांपडतो. ज्याला स्वतःच्या आठवणीविषयीं खात्री आहे तो सांपडत नाहीं.

नेवासेंच कां, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या ह्या स्थळीं डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ ह्या काळांत उत्खनन केलें आणि १९६० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेथें सातवाहनकालीन थरांतून नाणीं मिळालीं, आणि त्यांत ‘सादवाहन’ हें नांव असलेलींही होतीं. ह्या नांवाचें महत्त्व वाचकांस ठाऊक आहे. पुराणांतल्या यादींत घराण्याचा पहिला पुरुष सिमुक किंवा त्याचे पाठभेद असे येतात. सातवाहन नांवाचा राजा तेथें नाहीं. म. म. मिराशी यांनीं ‘सादवाहन’ नांवाच्या नाण्यावरून असें प्रतिपादिलें कीं, सातवाहन हा खरोखर होऊन गेलेला राजा असून त्याच्यावरूनच कुलास नांव पडलें. नाणीं थरांतून मिळालीं म्हणजे वादाला जमीन मिळते. कोणता राजा आधींचा, कोणता नंतरचा, हें वरच्या व खालच्या मातीवरून तोलतां येतें. नगर जिल्ह्यांतल्या संस्कृत शिकणाऱ्या एका तरुणास, आपल्या हातांतलें नाणें ह्या वादांतले असावें, असें वाटणें अगदीं स्वाभाविक होतें.

स्मरणिकेंतल्या ओळीचें तर्कशास्त्र आतां पाहा. नाण्यावर ‘सादवाहन’ असें आम्हीं कां वाचलें ? तें नेवाशाचें आहे आणि नेवाशास तसलीं नाणीं मिळतात म्हणून. तें नेवाशाचें असें आम्हीं कां धरलें ? त्यावर ‘सादवाहन’ आहे म्हणून. न्यायशास्त्र शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही हा अन्योन्याश्रय दोष ओळखतां येतो. आम्हीं तो वर्गांत मुलांस शिकविलाही होता, आणि उदाहरण म्हणून हें नाणें त्याच तासाला मुलांच्या हातीं फिरत होतें.

ह्या ओळीचा वापर होत आहे हें आम्हांस एका तरुण अभ्यासक महिलेच्या पत्रावरून कळलें. गोदावरी व प्रवरा यांच्या खोऱ्यांतील सातवाहन नाण्यांच्या प्राप्तिस्थळांचा नकाशा त्या करीत होत्या. त्यांत आमच्या स्मरणिकेच्या आधारें त्यांनीं नेवाशावर एक टिंब वाढविलें होतें. नाण्याचें वजन, व्यास व दोन्हीं बाजूंचीं छायाचित्रें त्यांनीं मागितलीं. आम्हीं पाठविलीं. आठ दिवसांनीं त्यांचें उत्तर आलें : “सर, चौथ्या अक्षराविषयीं शंका आहे. नाणें भिंगाखालीं पुन्हां पाहाल का ?” असें विनयानें लिहिलेलें पत्र आलें कीं लिहिणाऱ्याची खात्री झालेली आहे असें समजावें.

आम्हीं नाणें पाहिलें. ‘सिरि’ स्पष्ट आहे. पुढें ‘सा’ आहे. त्यापुढचें अक्षर अर्धें झिजलेलें असून त्यापुढील अक्षरें ठशाच्या बाहेर राहिलीं आहेत. नाण्याची चकती ठशापेक्षां लहान असल्यामुळें असें पुष्कळ वेळां होतें. वादग्रस्त अक्षरास उजव्या बाजूस पोट आहे असें समजून आम्हीं त्यास ‘द’ म्हटलें होतें. दहापट मोठें करून पाहतां त्या पोटाची वरची अर्धी रेषा हा एक ओरखडा निघाला. जुनी रेषा ठशाबरोबर उमटलेली असते. तिच्या तळाशींही नाण्याच्या इतर अंगासारखाच काळसर थर बसलेला असतो. ह्या रेषेच्या तळाशीं थर नाहीं, उलट ती थर कापून गेली आहे. म्हणजे ती नाण्यावर थर चढल्यानंतरची. तशाच, त्याच दिशेच्या आणखी सहा बारीक रेषा हत्तीच्या पाठीवर आहेत. १४ नोव्हेंबर १९७७ च्या विटकरीचे कण तेथून गेले होते. ‘द’काराचा निम्मा भाग सातवाहनांच्या टांकसाळींत झालेला नसून आमच्या घरच्या मोरींत झाला आहे.

ओरखडा वगळला तर खालीं उतरणारा एक पाय शिल्लक राहतो. तो ‘त’काराचा असूं शकेल. तसें असल्यास ‘सिरि सात...’ अशी सुरुवात होते, आणि सातकर्णी हें नांव अगर उपपद धारण करणारे राजे अनेक झाल्यामुळें कोणता तो कळत नाहीं. हत्ती आणि मागचें उज्जैन-चिन्ह ह्यांवरूनही निर्णय होत नाहीं, कारण हीं चिन्हें ‘सादवाहन’ नांवाच्या नाण्यांवर आहेत तशींच उत्तरकालीन राजांच्या नाण्यांवरही आहेत. धातु मात्र थोडें बोलते. आमचें नाणें पोटीनचें, म्हणजे तांब्यांत कथील-शिसें मिसळलेल्या हिणकस धातूचें आहे. तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांत तऱ्हाळें येथें १९३९ सालीं सुमारें १,६०० पोटीन नाण्यांचा ठेवा सांपडला; त्याचा अभ्यास मिराशींनींच केला. गौतमीपुत्रापासून पुढील राजांचीं तीं नाणीं, हत्ती व उज्जैन-चिन्ह असलेलीं. आमचें नाणें त्या कुटुंबांतलें दिसतें. म्हणजे ज्या धातूमुळें मामांनीं तें तोलांत धरलें नाहीं, त्या धातूंतच त्याच्या काळाची थोडीशी खूण होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाण्यांची पारख करणाऱ्या अधिकाऱ्यास रूपदर्शक म्हटलें आहे. त्या दुकानीं त्या दिवशीं रूपदर्शक एकच होता, आणि तो संस्कृत शिकत नव्हता.

प्राप्तिस्थळाचें काय ? तेथें तर हातीं कांहींच उरत नाहीं. नगर शहर वसलें १४९० च्या सुमारास. त्याच्या गल्ल्यांत निजामशाही फुलूस, मोगल रुपया किंवा शिवराई मिळाली तर ती येथेंच हरवली असण्याचा संभव आहे. तिसऱ्या मुर्तझाच्या नसल्या तरी पहिल्या मुर्तझा निजामशहाच्या काळापासून ह्या शहराच्या नांवाचीं तांब्याचीं नाणीं पडलीं आहेत. परंतु सातवाहनांचें नाणें नगरच्या मोडींत आलें तर तें दुसरीकडून आलें, एवढेंच सिद्ध होतें. कोठून, हें नव्हे. नगरचा बाजार नेवासें, शेवगांव, पाथर्डी, पैठणपर्यंतचा माल ओढतो. पैठणास पावसाळ्यानंतर जुन्या पांढरीवर मणी आणि नाणीं वेंचणारे लोक आहेत. तें नाणें तेथलें असेल, नेवाशाचेंही असेल. ‘असेल’ हा शब्द नकाशावर टिंब म्हणून मांडतां येत नाहीं.

पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. तींत लेखक, शक, गांव येतें. पुष्पिकेचें पान गेलें कीं उत्तम पोथीही अनाथ होते, हें आपण सर्व जाणतां. नाण्याची पुष्पिका नाण्यावर नसते. ती ज्या मातींतून तें निघालें त्या मातींत असते, आणि पहिला विक्रेता तिचें पान फाडतो. पहिला ग्राहक जागा असेल तर तिचा चतकोर तुकडा वांचतो. ‘कोठून आलें मामा ?’ हा प्रश्न आम्हीं त्या दिवशीं विचारला असता तर मामांनीं कदाचित् त्या गडव्यांतला माल कोणत्या गांवच्या बोहाऱ्याकडून आला तें सांगितलें असतें. वहींत त्या प्रश्नाची खूण नाहीं.

ह्याच्या उलट उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतले आहे. जोगळटेंभी येथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला. नाणीं सुमारें १३,२५०. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनीं मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. नाशिकच्या लेण्यांतील बलश्रीच्या लेखांत क्षहरातांच्या उच्छेदाचा जो दावा आहे त्यास ह्या एका मडक्यानें पुरावा दिला. परंतु हा पुरावा कोणत्याही एका नाण्यांत नव्हता. एक नाणें घेऊन पाहिलें तर पुन्हां ठसा मारलेला नहपान किंवा तसाच राहिलेला नहपान, एवढेंच दिसेल. किती मारलेलीं, किती तशींच राहिलेलीं, आणि दोन्हीं एकाच जागीं, ह्यांत इतिहास होता. समजा, तो ठेवा गांवकऱ्यांनीं वाटून घेतला असता आणि तेरा हजार घरांतून तीं तेरा हजार ‘पहिलीं नाणीं’ झालीं असतीं. प्रत्येकाची एकेक सुरस कथा असती. गौतमीपुत्राचा विजय मात्र आपणांस प्रशस्तीच्या शब्दावरच सोंपवावा लागला असता.

त्या दिवशीं विकत घेतलेल्या दोन नाण्यांपैकीं एक साफ गुळगुळीत आहे. त्याविषयीं बोलण्यासारखें कांहीं नाहीं. दुसरी शिवराई. खरें म्हणजे आमचा पहिला क्रय तो, आणि कथेंत त्यास जागाही मिळाली नाहीं. तिच्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ पाहून आम्हीं दोन उद्गारचिन्हें काढलीं. पुढें कळलें कीं अक्षरांच्या दोन ओळींमध्यें दोन आडव्या दांड्या आहेत, म्हणजे ही दुदांडी. पेशवाईच्या काळांतली, महाराजांच्या नांवानें पण महाराजांनंतर पुष्कळ काळानें पाडलेली. सामान्य वस्तु म्हणून ती कथेंतून गळली. प्रचलित समजुतीप्रमाणें नाण्यावर ज्याचें नांव त्याचें तें नाणें. पण खुद्द आमच्या जिल्ह्याच्या चौंडी गांवीं जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग व बिल्वपत्र आहे, आणि नांव शाह आलम बादशहाचें.

शिवरायांच्या बाबतींत एका परकीयाचा दाखला देणें भाग आहे. न्या. रानडे यांनीं मराठेशाहींतील चलन व टांकसाळी ह्यांवर १८९९ सालीं निबंध वाचला. त्याच सुमारास, त्याच सोसायटीच्या नियतकालिकांत अमेरिकन मिशनचे रेव्हरंड ॲबट यांनीं शिवराईचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांचीं चरित्रें इंग्रजींत नेणारे हेच ॲबट. त्यांच्या हातांखालून सुमारें २५,००० शिवराया गेल्या. ‘शिव’ कोठें ‘सिव’ आहे, ‘पति’ कोठें ‘पती’ आहे, टिंबांची वर्तुळें कशीं आहेत, हें त्यांनीं लावून पाहिलें. संस्कृतज्ञ म्हणून ‘सिव’ दिसतांच आम्हांस अशुद्ध म्हणण्याचा मोह होतो. ॲबटांनीं अशुद्ध न म्हणतां भेद म्हणून नोंद केली, आणि तींच रूपें पुढें टांकसाळी व काळ वेगळे करण्यास उपयोगी पडण्यासारखीं होतीं. त्यांची पहिली शिवराई कोणती हें त्यांनीं सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. पंचवीस हजारांत पहिलीचें कौतुक राहत नाहीं. त्यांच्या पद्धतींतही उणीव आहेच : चलनांतून गोळा केलेल्या राशींत कोणता भेद कोणत्या गांवांत अधिक चालत होता हें विरून जातें. माहेश्वरी व विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरील ग्रंथ १९८९ सालीं झाला तरी तांब्याच्या ह्या प्रचंड पसाऱ्याची गांववार मांडणी अजून हवीच आहे.

आमच्या एका स्नेह्यांनीं हा मजकूर ऐकून आक्षेप घेतला. ते म्हणाले, “कथेनें कोणाचें काय बिघडतें ? तुमच्या त्या शेतकऱ्यामुळें चार मुलें ह्या नादाला लागलीं. मोडवाल्याची तागडी सांगितली असती तर एकही लागला नसता.” ह्या आक्षेपांत तथ्य आहे. आमच्या वर्गांतले दोघे आज उत्तम संग्राहक आहेत, आणि दोघेही आपल्या पहिल्या नाण्याची कथा आमच्याच ढंगांत सांगतात. त्यांतल्या एकाच्या कथेंत तर पाणी देणारा शेतकरीही आहे. कथा सांगूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ती पाकिटावरच्या चिठ्ठींत लिहूं नये, एवढेंच म्हणतों. चिठ्ठींत कोणाकडून, केव्हां, कितीला, हें असावें. आणि ‘विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणें’ हे शब्द जेथें हवे तेथें गाळूं नयेत. विक्रेतेही स्थळें बनवितात, तें केवळ भाव वाढविण्यासाठीं नव्हे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेला दहा रुपयांवरील ठेवा कलेक्टरास कळवावा लागतो. ज्याला तो कळवावयाचा नाहीं तो खरें गांव कसें सांगेल? मग तो एखादें सर्वपरिचित गांव सांगतो. आमच्या जिल्ह्यांत तें बहुधा नेवासें असतें. आमची स्मृति जें करीत होती तेंच बाजारही करीत होता, असें दिसून आम्हांस कांहींसा संकोच वाटला.

ज्या अभ्यासक महिलेनें ही शंका काढली तिला आम्हीं वहीच्या त्या पानाची छायाप्रत पाठविली आहे आणि नकाशावरील टिंब पुसण्याची विनंति केली आहे. तिनें उत्तर दिलें कीं टिंब पुसलें, परंतु वहीचें पान जपून ठेवा. १९७७ सालीं नगरच्या मोडींत सातवाहनांचें पोटीन नाणें येत होतें ही नोंदही तिच्या उपयोगाची आहे. ही गोष्ट आमच्या लक्षांत आली नव्हती.

नाण्याच्या पाकिटांतली जुनी चिठ्ठी आम्हीं काढली नाहीं. तिच्यामागें नवी ठेविली आहे. नवींतला मजकूर असा : पोटीन. वजन ३.४ ग्रॅम. दर्शनी बाजूस सोंड उंचावलेला हत्ती, ‘सिरि सा’ एवढींच अक्षरें निश्चित, पुढील अक्षर अनिश्चित व अंशतः आधुनिक ओरखड्यानें दूषित. मागें उज्जैन-चिन्ह. नगर येथें भांड्यांच्या मोडींतून, १४ नोव्हेंबर १९७७, दोन तांब्याच्या नाण्यांवर फुकट. मूळ स्थळ अज्ञात. तेव्हां घासलें आहे.

ज्या वाचकांपाशीं १९९४ ची ती स्मरणिका असेल त्यांनीं आमच्या लेखाची शेवटची ओळ खोडून बाजूस ‘वरील चिठ्ठी पाहावी’ असें लिहावें, ही विनंति.